बाकीच्या तीन तारा

रंगनाथ मिस्त्री पहिल्यांदा माझ्या खोलीत आले तेव्हा त्यांनी नाव-गाव काहीही न विचारता माझ्या छातीला डिसमिस लावला. डिसमिस म्हणजे स्क्रूड्रायव्हर. आमच्याकडचे मिस्त्री लोक त्याला याच नावाने ओळखतात. हा चांगला हातभर लांब होता, लाकडी मुठीचा. टोक माझ्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापाशी आणि मूठ त्यांच्या कानाशी. डोळे मिटून त्यांनी दहा-बारा ठोके ऐकले आणि म्हणाले, "चालू हाय. जरा घाईत पळतंय, पर चालू हाय."

मी तेव्हा साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात नवा कारकून होतो. कोण कामगार किती वाजता आला नि किती वाजता गेला, एवढंच लिहायचं ते खातं. आमच्या खात्यात 'डिसमिस' हा शब्द फार वेगळ्या अर्थाने वापरला जाई, त्यामुळे कोणी 'डिसमिस घेऊन येतो' म्हटलं की सुरुवातीला मी 'कोणाची नोकरी गेली?' असं विचारायचो. सत्तर-एकाहत्तर साल असेल. बेलापूरच्या बाजारापासून सायकलच्या टप्प्यात आमची कॉलनी होती. तिथे मला एक खोली मिळाली होती आणि सामाईक भिंतीपलीकडे रंगनाथ मिस्त्री आणि अनसूयाकाकू राहत होते.

मिस्त्री मिल हाउसवर फिटर. ऊस चिरडणारे ते अजस्र रोलर फिरत असताना बेअरिंगच्या घरावर डिसमिसचं टोक ठेवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडतंय ते ओळखायचं, हे त्यांचं काम. आता हे काही जगावेगळं नाही. सगळेच जुने फिटर असं ऐकतात. फरक इतकाच की बाकीचे फिटर फाटकाबाहेर पडताना डिसमिस हत्यारांच्या पेटीत टाकतात. मिस्त्रींचा डिसमिस त्यांच्याबरोबर घरी यायचा, बाजारात जायचा आणि लग्नालाही जायचा.

एका लग्नात त्यांनी बँडवाल्याचा ढोल चालू असताना त्याला डिसमिस लावला आणि वरातीला वाटेतच थांबवून ढोलाचा एक पेच आवळला. घड्याळवाल्याच्या दुकानात सगळी घड्याळं ऐकून त्यातलं एक आजारी असल्याचं त्यांनी दुकानदाराला कळवलं. ऊस वाहणारे ट्रक कॉलनीच्या नाक्यावर चहाला थांबत. मिस्त्री बोनेटला कान लावून सांगायचे की हा नेवाशापर्यंत जाणार नाही. तो जात नसे. पण त्याचं श्रेय मिस्त्रींना मिळण्याऐवजी दोषच मिळे. ड्रायव्हर मंडळींची अशी ठाम समजूत झाली होती की ह्या माणसाने ऐकलं की गाडी बिघडते. मिस्त्री दिसले की ते चहा तसाच टाकून बोनेटपाशी पहाऱ्याला उभे राहत.

त्यांचा सिद्धांत एकच होता. जगातली कुठलीही वस्तू उगीच बोलत नाही. तिचा एक खरा आवाज असतो आणि त्याच्यावर जे जे चढतं तो खोटा आवाज. "खोटा आवाज हाय ह्यो," असं ते म्हणत तेव्हा चोराला पकडलेल्या हवालदारासारखा त्यांचा चेहरा होई.

वस्तूंचं इतकं बारीक ऐकणाऱ्या ह्या माणसाशी बोलणं मात्र महाकठीण. तुम्ही एक विचारावं आणि त्यांनी भलतंच सांगावं. एकदा मी विचारलं की मिस्त्री, नळाला पाणी आलं का. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "धाकट्याचं लगीन झालं. थोरलीचं ऱ्हायलंय." किंवा मग 'बघू' म्हणत. निम्म्या प्रश्नांना 'बघू' हेच उत्तर असे. माणूस तंद्रीत असतो असं म्हणून आम्ही सोडून देत असू.

आता माझ्या दुखण्याकडे येतो.

कॉलनीत एक ऑर्केस्ट्रा होता. तो काढला होता लॅबमधल्या पारखे केमिस्टांनी. पारखे नगरच्या चर्चमध्ये पेटी शिकलेले, पुढे अकॉर्डियनवर गेलेले, आणि शिस्तीचे इतके की साखरेचा नमुना तपासावा तसे ते माणसाचा सूर तपासत. त्यांच्या पुण्याच्या मावसभावाने नवी बास गिटार घेतली आणि जुनी यांच्याकडे पाठवून दिली. चार जाड तारा, चॉकलेटी रंग आणि वजन म्हणाल तर अर्ध्या पोत्याचं. वाजवायला कोणी नव्हतं. मला थोडीफार बुलबुलतरंग येते असं मी कुठेतरी बोलून गेलो होतो. पारखे म्हणाले की तार ती तार, आणि पट्टा माझ्या गळ्यात अडकवला.

मला ते वाद्य मनापासून आवडलं. खरं सांगतो, मी भिडस्त माणूस. चार लोकांत मला बोलता येत नाही. तिशी आली तरी कुठल्या घोळक्यात माझी गणना होत नव्हती. बासचं असं असतं की तुमच्याकडे कोणी बघत नाही, तुमचं गाणं कोणी गुणगुणत नाही, पण तुम्ही थांबलात तर सगळ्यांच्या पायाखालून काहीतरी सरकतं. आयुष्यात प्रथमच माझ्या असण्यावर काही अवलंबून होतं. मला त्या ऑर्केस्ट्रात राहायचं होतं.

पण माझ्या गिटारीतून खरखर यायची. सूर निघे तो निघे आणि त्याच्या मागोमाग काहीतरी गुणगुणे, थरथरे, तडतडे. पारख्यांनी तिचं नाव ठेवलं होतं 'माशी'. तालमीला मी दारात दिसलो की ते म्हणायचे, माशी घरी ठेवून आलात ना. पुढचा हंगाम सुरू होताना बॉयलर पेटवण्याचा समारंभ असतो, त्या संध्याकाळी कार्यक्रम ठरला होता. तालुक्यातली बडी मंडळी येणार होती. पारख्यांनी मला शांतपणे सांगून टाकलं की आदल्या दिवसाच्या शेवटच्या तालमीपर्यंत माशी गेली नाही तर गिटार पुण्याला परत जाईल आणि कार्यक्रम बासशिवाय होईल. हातात तीन आठवडे होते.

मी खोलीत बसून रोज संध्याकाळी एकच सूर घासत बसे. पहिल्याच आठवड्यात मिस्त्री दारात उभे राहिले.

"टायमकीपर, भितीतनं काय येतंय हे? माज्या पाठीत येतंय."

ते पलीकडे भिंतीला टेकून बसलेले असत. मी ओशाळून गिटार दाखवली. त्यांनी ती सगळीकडून निरखली, तारा मोजल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. चार तारा म्हणजे तंबोराच, फक्त पॅन्ट घातलेला. तरुणपणी नेवाशाकडच्या त्यांच्या गावात भजनी मंडळाचा तंबोरा तेच लावायचे. त्यांनी एक तार छेडली, डिसमिस लावून ऐकली आणि निदान केलं.

"हिची जवारी गेलीया. जवारी लावाय पायजे."

आता आमच्या भागात जवारी म्हणजे भाकरीची. मी म्हणालो की ज्वारी नाहीये माझ्याकडे, गहू आहेत थोडे. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे भलत्याच गोष्टीला मान डोलावली आणि घरी जाऊन काकूंची म्हशीच्या शिंगाची फणी घेऊन आले. मग मला उमगलं की तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथे टेकते तिथली ती नाजूक घासपूस आणि खाली सरकवलेला सुताचा दोरा, ज्याने तंबोरा झणकारतो, तिलाही जवारीच म्हणतात. त्यांनी फणीचा एक तुकडा कापला, कानशीने उतरता घासला, तारांच्या खाली बसवला आणि प्रत्येक तारेखाली गोधडीच्या रिळाचा दोरा घातला. दोन संध्याकाळी ते यात गुंतले होते. शेवटी तार छेडली. अख्खी खोली झणाणली. मिस्त्रींनी डोळे मिटले.

"आता कशी बोलाया लागली."

मला तरी बासचं काय कळत होतं? त्यांचा आनंद बघून मलाही वाटलं की झालं काम. मी ऐटीत तालमीला गेलो. पहिल्या कडव्यातच पारख्यांनी अकॉर्डियनचा भाता मिटला. म्हणाले की ही आता माशी राहिली नाही, हे मोहोळ आहे. सगळे हसले. मी हसलो नाही.

मिस्त्रींना सांगायला मी वहीत लिहूनच नेलं, कारण तोंडी सांगण्यात अर्थ नव्हता. या वाद्यात झणकार अजिबात नको असतो, उलट तोच घालवायचा आहे. त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांना एवढं वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"झणकार नगं? मंग तारा कशाला लावल्या?"

त्यांनी गिटार उलटीसुलटी करून पुन्हा निरखली. मग म्हणाले की तर मग हा तंबोरा नव्हेच, हे बेअरिंग आहे. आणि तिथून खरं काम सुरू झालं.

फणीचा तुकडा निघाला, दोरे निघाले. कारखाना बंद होता, मशिनरी उघडून ठेवलेली, त्यामुळे मिस्त्री पाच वाजता मोकळे असत. आमच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून त्यांनी एकेक खोटा आवाज धरायला घेतला.

पहिला धरला तो घुंईऽऽ असा अखंड चालणारा. मी काही वाजवत नसलो तरी तो चालूच असे, पण तारांना हात लावला की गप्प. मिस्त्रींनी गिटार बाजूला ठेवली आणि ॲम्प्लिफायर पाहिला. तो जुन्या रेडिओतून जुळवलेला होता आणि त्याला अर्थिंगच नव्हतं. त्यांनी भिंतीलगत खड्डा खणला, काकूंचं मीठ आणि कोळसा त्यात ओतला, तांब्याची पट्टी पुरली आणि तार आत घेतली. घुंई थांबली. त्या दिवसापासून ते रोज सकाळी त्या खड्ड्यावर तांब्याभर पाणी घालीत. शेजारच्या बायकांना वाटलं मिस्त्रींनी काहीतरी पेरलंय.

दुसरा तडतड्या. तो ठराविक सुरांनाच येई. त्यांनी शाफ्ट बघावा तशी गिटारीची दांडी एका डोळ्याने बघितली आणि म्हणाले, वाकलीया. दांडीच्या टोकाला एक झाकण होतं. ते उघडलं तर आत एक नट. मिस्त्रींना जुना मित्र भेटल्यासारखं झालं, कारण आत सरळ सरळ ताणाचा लोखंडी रॉड होता, मिलमध्ये असतो तसा. तो त्यांनी एका दिवसात फिरवला नाही. रोज नटाचा पाव आटा, म्हणजे पाव फेरा, मग चोवीस तास थांबायचं. लोखंडालाही विचार करायला वेळ द्यावा लागतो असं त्यांचं म्हणणं. मग दांडीवरच्या पितळी पट्ट्या एकेक करून तपासल्या. त्यातली पाचवी दातासारखी वर आली होती. लाकडाचा ठोकळा ठेवून त्यांनी ती दोन हलक्या ठोक्यांत खाली बसवली. तडतड गेली.

तिसरा चोर मीच निघालो. माझ्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कल गिटारीच्या पाठीवर वाजत होतं. बक्कल काढलं. मग खिशातला कंगवा काढला. मग मनगटी घड्याळ. शेवटी मिस्त्रींनी मला नाडीच्या लेंग्यावर आणि बिनबटणाच्या बनियनवर आणून ठेवलं, आणि त्या वेषात मी आमच्या ओळीतल्या सगळ्यांसमोर रोज व्हरांड्यात बसू लागलो.

काकू चहा आणून द्यायच्या. काकू नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या डोंगराकडच्या, अंगाने किरकोळ आणि आवाज अगदी बारीक, चिमणीचा असावा तसा. एकदा मिस्त्री हत्यार आणायला आत गेले तेव्हा त्या कपबशा उचलता उचलता म्हणाल्या, "तुमच्यासंगं बरं तासतास बसत्यात. माज्याशी बोलून चार वर्सं झाली."

मी चपापलो. त्यांनी मग सांगितलं. चार वर्षांपूर्वी घरी पाहुणे आलेले असताना मिस्त्रींनी जेवणाऱ्या व्याह्यांच्या पोटाला डिसमिस लावला होता. काकू संतापल्या आणि पाहुणे गेल्यावर त्यांनी तो डिसमिस उचलून उकिरड्यात टाकून दिला. मिस्त्री दोन दिवस तो शोधत होते. तिसऱ्या दिवशी काकूंचंच मन खाऊ लागलं. त्यांनी तो काढून, धुऊन कोनाड्यात ठेवला आणि चुलीपाशी बसल्या बसल्या नवऱ्याला म्हणाल्या की मीच टाकला होता, चुकलं माझं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बघू म्हनले. तवापासनं बघूच चाललंय."

एका डिसमिसपायी चार वर्षं अबोला धरणारा माणूस शेजारी बसून माझ्यासाठी इतकं करतोय, हे मला कोड्यात टाकणारं होतं. मला त्यांचा रागच आला. पण माझा स्वार्थ त्यांच्या हातात होता, तेव्हा मी तो राग गिळला.

शेवटच्या तालमीला पाच दिवस उरले आणि एक आवाज काही केल्या जाईना. अर्थिंग झालं, दांडी सरळ झाली, मी लेंग्यावर आलो, तरी प्रत्येक सुरामागे काहीतरी घोंगावत राही. दोन संध्याकाळी मिस्त्रींनी गिटारीचा एकेक स्क्रू ऐकून काढला. काही सापडलं नाही. मी मनाने पारख्यांची माफी मागायची वाक्यं जुळवायला लागलो होतो.

तिसऱ्या संध्याकाळी मिस्त्रींनी डिसमिस बाजूला ठेवला. मला म्हणाले, वाजवत राहा. आणि मी वाजवत होतो ती तार सोडून त्यांनी शेजारच्या तारेवर बोटाचं टोक अलगद ठेवलं, डोळे मिटून. मग त्या पलीकडच्या तारेवर. मग चौथीवर.

"तुमी एक वाजवताय," ते म्हणाले. "बाकीच्या तीन काय करत्यात, कदी बगितलंय?"

मी पाहिलं. त्या थरथरत होत्या. मी एकीला बोलावलं की तिघी मागून आपापलं बोलत होत्या, आणि मी बापडा वाजणाऱ्या तारेतच दोष शोधत होतो.

"वाजवाया येक बोट लागतं," मिस्त्री म्हणाले. "गप बसवाया दोनी हात लागत्यात."

पुढचे दिवस आम्ही तेवढंच केलं. उजव्या हाताचा अंगठा वरच्या तारेवर टेकवून ठेवायचा, डाव्या हाताची रिकामी बोटं बाकीच्यांवर नुसती ठेवायची, दाबायची नाहीत. सूर संपला की बोट उचलून पळायचं नाही, तिथेच तार विझवायची आणि मग पुढे जायचं. सुरुवातीला सूर मिळाला की बोटं विसरत आणि बोटं आठवली की ताल सुटे. मिस्त्री समोर बसून तारांकडे टक लावून बघत आणि एखादी हलली की बोटाने दाखवत. ते ऐकतच नव्हते, बघत होते. माझ्या ते लक्षात आलं नाही.

शेवटची तालीम झाली. पहिलं गाणं संपलं. पारखे माझ्याकडे न बघता म्हणाले, पुढचं घ्या. बस, एवढंच. पारख्यांच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र निघत नाही. माझ्या खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं झालं. घरी येऊन मी काकूंना सांगितलं, त्यांनी माझ्या हातावर गूळ ठेवला.

कार्यक्रमाला मी मिस्त्रींसाठी पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवली होती. ती रिकामीच राहिली. काकू बायकांत बसल्या होत्या आणि मान वळवून वळवून त्यांना शोधत होत्या. गाणी छान झाली. लोकांनी दोन गाणी पुन्हा म्हणायला लावली आणि माशीचा कुठे पत्ता नव्हता. सात-साडेसातला सगळं आटोपलं. मी वायर गुंडाळायला स्टेजच्या मागे गेलो तर तिथे मिस्त्री. स्टेज पिंपांवर फळ्या टाकून केलेलं होतं. मिस्त्री चपला काढून एका खोक्यावर बसले होते, पाठ फळ्यांना टेकलेली आणि दोन्ही तळवे लाकडावर पसरलेले.

मी जवळ जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी दचकून पाहिलं आणि हसले.

"साफ आला," ते म्हणाले. "येक बी खोटा न्हाई."

मी विचारलं की पुढे का नाही बसलात. त्यांनी माझ्या ओठांकडे निरखून पाहिलं, आणि मग इकडेतिकडे कोणी नाही असं बघून म्हणाले, "फुडं बसून काय करू? पेटी येत न्हाई, गानारी बाई येत न्हाई. चार सालं झाली, मिलच्या आवाजानं कानातलं वरचं समदं नेलं. ह्यो तुमचा जाड आवाज तेवढा ऱ्हायलाय. त्यो बी पाठीतनं येतो. म्हनून म्हनलं, येवढा तरी साफ असावा."

तीन आठवडे मी समजत होतो की हा माणूस माझ्यासाठी खपतोय. आणि तो जगातल्या उरल्यासुरल्या एका गाण्यावरची धूळ पुसत होता. नळाच्या पाण्याला मिळालेलं ते उत्तर, ते 'बघू', सगळं माझ्यापुढे उलगडलं आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

मिस्त्रींना वेगळीच काळजी होती. मी टाइम ऑफिसचा माणूस. मला कळलं म्हणजे कचेरीला कळलं, आणि मग मिलवरून काढतील, असं ते माझा हात धरून सांगू लागले. मी जमेल तितक्या जाड, खालच्या सुरात, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "मिस्त्री, आमच्या रजिस्टरात माणूस आला की नाही याचा रकाना आहे. ऐकू येतं की नाही याचा नाही." त्यांना ते ऐकू आलं. त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि माझा हात सोडला.

तेवढ्यात काकू शोधत शोधत मागे आल्या. आपल्या बारीक आवाजात त्या काहीतरी म्हणाल्या, घरी चला म्हणाल्या असाव्यात. मिस्त्रींनी 'बघू' म्हटलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बघा, असंच असतं, अशी ती नजर होती.

मी मिस्त्रींकडे पाहिलं. सांगू का, असं हातानेच विचारलं. त्यांनी मान खाली घातली.

"तुमीच सांगा. माज्याच्यानं न्हाई व्हत."

मी सांगितलं. काकू, यांना ऐकू येत नाही. बारीक आवाज तर मुळीच येत नाही, चार वर्षं झाली. काकू स्टेजच्या कडेला टेकल्या.

"म्हंजी राग न्हवता?"

नव्हता, मी म्हटलं.

"मी चुकलं म्हनले ते ऐकलंच न्हाई?"

मी वाकून मिस्त्रींना विचारलं की तुमचा डिसमिस उकिरड्यात कसा गेला होता ते ठाऊक आहे का. ते म्हणाले, गेला असंल पडून, मी शोधला लई. काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येणार नाही, दोन्ही असावं. चार वर्षांचा भार उतरल्यावर माणसाला काय करावं ते लगेच सुचत नाही.

मिस्त्री आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते, निकालाची वाट बघणाऱ्या माणसासारखे. काकू उठल्या, त्यांच्या अगदी जवळ गेल्या, घसा खाकरला आणि त्या चिमणीएवढ्या बाईने छातीतून जितका काढता येईल तितका जाडाभरडा, पाटलाला शोभेल असा आवाज काढला.

"घरला चला."

मिस्त्रींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. उठून चपला शोधत ते म्हणाले, "आलं."

'आलो' म्हणायचं असेल, असं मला आधी वाटलं. मग पाहिलं तर त्यांचं बोट कानाकडे होतं.